नव्या पीसीवर फ्रीडॉस मध्येच हँग होतं, कीबोर्ड मरतो, प्रिंट जात नाही : नेमकं कुठे शोधायचं

क्लिपर किंवा फॉक्सप्रो या डॉसच्या काळातल्या डेटाबेस भाषांमधला जुना बिलिंगचा प्रोग्राम, वीस-पंचवीस वर्षं बिनतक्रार चाललेला, जुना पेंटियम गेला म्हणून नव्या मशीनवर फ्रीडॉस (जुन्या एमएस-डॉससारखी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून तिथे चढवला, आणि आता कधी दिवसभर नीट चालतो तर कधी दहा मिनिटांत स्क्रीन गोठते, नमलॉकचा दिवासुद्धा हलत नाही. मग फॉरमॅट, परत इन्स्टॉल, दोन दिवस बरं, परत तेच. पतसंस्था, मेडिकल दुकानं, वर्कशॉपमधली सीएनसी मशीनं, सगळीकडे हाच प्रकार दिसतो आणि बहुतेक वेळा रॅम बदलली जाते नाहीतर "फ्रीडॉस फालतू आहे" म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही बिचारे निर्दोष असतात.

मुळात एक गोष्ट समजून घ्या, मग बाकी सगळं त्यातूनच सुटत जातं. डॉस स्वतः हार्डवेअरशी फार कमी बोलतं. डिस्क वाचायची तर बायोसचा (बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) इंटरप्ट, म्हणजे ठरावीक नंबरची हाक, १३ हेक्स, स्क्रीनसाठी १०, कीबोर्डसाठी १६, प्रिंटरसाठी १७, सगळी कामं बायोसकडून करून घेतं. विंडोज किंवा लिनक्स चालू झालं की स्वतःचे ड्रायव्हर लावतं आणि बायोसला बाजूला सारतं, डॉस मात्र शेवटपर्यंत बायोसच्याच जिवावर चालतं. आणि आजच्या मशीनमध्ये जुना बायोस राहिलेलाच नाही, आहे ते यूईएफआय, म्हणजे त्याची जागा घेणारा नवा प्रोग्राम, आणि त्याच्यावर सीएसएम नावाचा एक थर जो जुन्या बायोसची नक्कल करतो. म्हणून काहीही बिघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की बायोसची कुठली सेवा इथे नाहीये, किंवा आहे पण तिच्या मेमरीवर कोणी पाय दिलाय.

व्हर्जनचं आधी उरकून घेऊ. फ्रीडॉस जिम हॉलने १९९४ मध्ये सुरू केलं, १.० यायला २००६ उजाडलं, १.२ आलं २०१६ च्या नाताळात, १.३ फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि १.४ एप्रिल २०२५ मध्ये. कुठल्या तरी जुन्या सीडीवरचं १.१ टाकून बसला असाल तर पुढचं काही वाचायच्या आधी १.४ टाका, कारण मेमरी मॅनेजर वगैरेच्या नव्या आवृत्त्या त्यातच मिळतात. अधिकृत साइटवर फुल यूएसबी आणि लाइट यूएसबी अशा दोन्ही इमेज आहेत. रूफसमधून फ्रीडॉसचा पेनड्राइव्ह बनवला तर त्यात फक्त कर्नल आणि कमांड डॉट कॉम असं जुजबी सामान येतं, बूट होतंय का बघायला ते उत्तम आहे पण ते म्हणजे पूर्ण इन्स्टॉल नाही.

आता जे बूटच होत नाही त्यांच्यासाठी. सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, सीएसएम किंवा लेगसी बूट चालू करा, डिस्कचं पार्टिशन टेबल नव्या जीपीटी पद्धतीचं असेल तर जुन्या एमबीआर पद्धतीचं करा (डेटा जाईल, आधी बॅकअप घ्या), कारण फ्रीडॉसला जीपीटी, एनटीएफएस, एक्सफॅट यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त फॅट समजतं. सीएसएमचा पर्यायच दिसत नसेल किंवा तो ग्रे होऊन बसला असेल तर बऱ्याचदा कारण ग्राफिक्स असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जुन्या पद्धतीचा व्हिडिओ बायोसच नाही, मग इंटरप्ट १० ला उत्तर देणार कोण, म्हणून बोर्ड सीएसएम चालू करू देत नाही नाहीतर स्क्रीन काळी राहते. अशा डेस्कटॉपवर एखादं जुनं साधं पीसीआय एक्सप्रेस ग्राफिक्स कार्ड लावलं की पुष्कळदा सीएसएम उघडतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बऱ्याच बोर्डांवर सीएसएम अजून मिळतो, त्यामुळे खास डॉससाठी मशीन घ्यायचं असेल तर मी तिकडे आधी बघतो. लॅपटॉपवर मात्र हा रस्ता बहुतेक बंदच आहे, इंटेलने २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं की २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून टाकणार. "दुकानातून डॉसवाला लॅपटॉप घेतलाय, त्यात तर फ्रीडॉस चालू होतं" असं कोणी म्हणेल, तर अलीकडच्या काही मॉडेल्समध्ये ते छोट्या लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन करून दाखवलेलं असतं, थेट हार्डवेअरवर नसतं. त्यावरून अंदाज बांधू नका.

बूट होताना "वॉर्निंग, युझिंग सस्पेक्ट पार्टिशन" असं येऊन पुढे सगळं नीट चालत असेल तर घाबरायचं कारण नाही, पार्टिशन टेबलमधले सिलिंडर-हेड-सेक्टरचे जुने आकडे आणि बायोसने सांगितलेले आकडे जुळत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. फ्रीडॉसच्याच एफडिस्कने पार्टिशन नव्याने केलं की बहुतेक वेळा जातं. "बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर" आलं तर वेगळं, तिथे कर्नलला कमांड डॉट कॉम सापडलेला नाही, बहुतेक वेळा ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं की बायोस पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क म्हणून दाखवतो, मग सी म्हणजे पेनड्राइव्ह आणि आतली डिस्क डी, आणि ज्या प्रोग्राममध्ये सी कायमचा लिहून ठेवलाय तो गोंधळतो.

आता मुख्य दुखणं, मध्येच हँग होणं. इथे घाई करू नका.

फ्रीडॉस चालू होताना चार पर्यायांचा मेनू येतो. पहिल्यात जेमेक्स हा मेमरी मॅनेजर लागतो, दुसऱ्यात जेम३८६, तिसरा सेफ मोड, चौथा इमर्जन्सी म्हणजे कुठलाच ड्रायव्हर नाही. तुमचा प्रोग्राम चौथ्या पर्यायावर चालवा आणि तसाच वापरात ठेवा, निदान इतका वेळ की एरवी एव्हाना हँग व्हायलाच हवा होता. चौथ्यावर हँग होत नाही आणि पहिल्या-दुसऱ्यावर होतो असं दिसलं तर रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय सगळं बहुतेक संशयातून बाहेर, आणि दोष मेमरी मॅनेजर किंवा त्याच्याबरोबर चढणाऱ्या ड्रायव्हरच्या आसपास असण्याची शक्यता मोठी. चौथ्यावरही होत असेल तर खाली कीबोर्डचं सांगितलंय तिकडे जा. बूट होताना एफ८ दाबलं तर एकेक ओळ विचारून विचारून चालते, त्याने आणखी बारीक शोधता येतं.

मेमरी मॅनेजरचा घोळ असा आहे. पहिल्या एक एमबीतल्या ६४० केबीच्या वर जी ३८४ केबीची जागा असते त्यात व्हिडिओ मेमरी, व्हिडिओ बायोस, आणि वरच्या टोकाला मुख्य बायोस असतो, आणि मधे मधे मोकळे तुकडे दिसतात. जेमेक्स हे मोकळे तुकडे हुडकून तिथे रॅम बसवतो, म्हणजे अप्पर मेमरी, आणि मग माऊसचा ड्रायव्हर, कॅश वगैरे तिथे चढतात जेणेकरून खाली प्रोग्रामला जास्त जागा राहील. जुन्या मशीनवर हे सुरेख चालायचं. नव्या मशीनचा सीएसएम मात्र ई००० च्या पट्ट्यात (हे त्या जागेतले हेक्स पत्ते), कधी डी००० च्या वरच्या भागात, स्वतःचं काहीतरी ठेवतो, यूएसबी कीबोर्डची नक्कल, डिस्क कंट्रोलरचा कोड, आणि ती जागा बाहेरून तपासली तर रिकामीच दिसते. गावाबाहेर मोकळा प्लॉट दिसला म्हणून पत्रे ठोकले आणि सातबारा दुसऱ्याच्याच नावावर निघाला, अगदी तसं. जेमेक्सला "एक्स बरोबर टेस्ट" हा पर्याय दिलेला असतो, तो रॉम ओळखायचा प्रयत्न करतो, पण जी जागा ओळखू येण्यासारखीच नाही तिथे तो तरी काय करणार. मग हँग कधी होणार हे त्या जागेला कोण कधी हात लावतं यावर ठरतं, म्हणून कधी दहा मिनिटं, कधी पूर्ण दिवस, आणि म्हणूनच परत इन्स्टॉल करून काडीचा फरक पडत नाही.

उपाय: एफडीकॉन्फिग डॉट सिस फाइल उघडा (फ्रीडॉसच्या एडिटमध्ये उघडते), जेमेक्सच्या ओळीच्या शेवटी "एक्स=ई०००-ईएफएफएफ" असं जोडा, अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करून. सेव्ह, रीबूट, वापरात ठेवा. हँग थांबलं तर सुटलं. नाही थांबलं तर डी००० पासून ईएफएफएफपर्यंत सगळं वगळा. तरीही नाही तर जेमेक्सची ओळ रेम लावून बंद करा आणि फक्त हायमेमएक्स (एक एमबीच्या वरची मेमरी खुली करणारा साधा ड्रायव्हर) लावा. लोकांना वाटतं की जेमेक्स गेला म्हणजे मेमरी गेली. तसं नाही, हायमेमएक्स आणि "डॉस बरोबर हाय" एवढं असलं तरी कर्नलचा बराचसा भाग पहिल्या एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत जातो आणि खाली बऱ्याच प्रोग्रामना पुरेल एवढी जागा उरते, मेम स्लॅश सी देऊन बघून घ्या. फक्त क्लिपर ५ चे काही प्रोग्राम एक्स्पांडेड मेमरी, म्हणजे ईएमएस मागतात, त्यांना जेम३८६ किंवा जेमेक्स लागतोच आणि त्या ओळीत "नोईएमएस" असता कामा नये. त्यांच्यासाठी वरचा वगळायचा मार्गच धरा. माझं स्पष्ट मत आहे की ज्या मशीनवर लोकांच्या पैशाचा हिशोब आहे तिथे चार केबी जास्त मिळवण्यासाठी अप्पर मेमरीचा नाद करू नये.

हायमेमएक्स लागतानाच अडकत असेल किंवा ए२० बद्दल काही बोलत असेल तर मेथडचा पर्याय वापरा. ए२० ही एकेकाळी कीबोर्ड कंट्रोलरमधून चालू-बंद होणारी अ‍ॅड्रेसची लाइन होती, नव्या मशीनवर ती बहुतेक कायम चालूच असते. ओळीत "स्लॅश मेथड, कोलन, ऑलवेजऑन" दिलं की तो शोधत बसत नाही.

आता कीबोर्ड. यूएसबी कीबोर्ड डॉसला दिसतच नाही, बायोस गुपचूप मधे पडून तो जुना पीएस/२ कीबोर्ड असल्याचं भासवतो. सेटअपमध्ये लेगसी यूएसबी सपोर्ट चालू असलाच पाहिजे, आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ नावाचा पर्याय असेल तर तो उलटसुलट करून दोन्ही प्रकारे बघा, कुठल्या बोर्डावर काय चालेल याचा नियम नाही. कीबोर्ड हबमधून नको, थेट मागच्या पोर्टात, शक्यतो यूएसबी २ च्या. पण खरी तपासणी एकच: बोर्डावर पीएस/२ चं गोल भोक असेल तर तिथे जुना कीबोर्ड लावा. त्याने हँग थांबला तर यूएसबीची नक्कलच गुन्हेगार, आणि मग तोच कीबोर्ड कायमचा राहू दे, काही बिघडत नाही. पेनड्राइव्हचंही तेच, चालू झाल्यावर लावलेला पेनड्राइव्ह डॉसला दिसणार नाही, इंटरनेटवर फिरणारे जुने यूएसबी ड्रायव्हर यूएसबी ३ चा कंट्रोलर ओळखत नाहीत. बॅकअपसाठी पेनड्राइव्ह लावूनच मशीन चालू करायचं आणि बूटचा क्रम डिस्क आधी असा ठेवायचा.

काही चुका हँगसारख्या दिसतात पण प्रोग्रामच्या स्वतःच्या असतात. टर्बो पास्कलमधला प्रोग्राम उघडताच "रनटाइम एरर २००" देऊन बंद पडतो तो प्रोसेसर वेगवान आहे म्हणून. त्याच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीला एक मोजणी होते, घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरतो ते मोजून त्याला ५५ ने भागतात, आणि उत्तर १६ बिटांत मावलं नाही की प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. पेंटियम टूच्या काळापासूनचं दुखणं आहे हे, एक्सई फाइल पॅच करणारी छोटी टूल्स मिळतात, मूळ एक्सई बाजूला ठेवून पॅच करा. "पॅक्ड फाइल इज करप्ट" आलं तर फाइल खराब नाही, उलट खाली मेमरी इतकी मोकळी झालीये की प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत लोड होतोय आणि त्याचा जुना अनपॅकर तिथे गडबडतो. कमांडच्या आधी लोडफिक्स लिहा, संपलं. क्लिपरमध्ये "डॉस एरर ४" म्हणजे उघड्या फाइल्सची मर्यादा संपली, एफडीकॉन्फिगमध्ये फाइल्स वाढवा आणि एफडीऑटो डॉट बॅटमध्ये "सेट क्लिपर बरोबर एफ कोलन" करून आकडाही द्या, एकच करून भागत नाही.

मोठी डिस्क आणि मोठी रॅम यांचंही एक दुखणं आहे. पाचशे जीबीची डिस्क असून प्रोग्राम म्हणतो जागा नाही, कारण त्याचा हिशोब २ जीबीच्या पुढे उणे आकड्यात जातो. प्रोग्राम आणि डेटासाठी २ जीबीपेक्षा लहान असं वेगळं फॅट१६ पार्टिशन करा, डीबीएफ फाइल्सना, म्हणजे प्रोग्रामच्या डेटाच्या फाइल्सना, त्याहून जास्त सहसा लागत नाही. रॅमचंही तसंच, "नॉट इनफ मेमरी" हे कधीकधी मेमरी जास्त असल्यामुळे येतं, तेव्हा हायमेमएक्सला मॅक्सचा पर्याय देऊन ३२ एमबीवर आणून बघा, आकडा केबीत, म्हणजे ३२७६८.

आणि हँग होऊन बटण दाबून बंद केलं असेल तर इंडेक्स फाइलवर विश्वास ठेवू नका. आधी डीबीएफची कॉपी, मग डिस्क तपासा, मग रीइंडेक्स, हाच क्रम. फ्रीडॉसचा चेकडिस्क फॅट३२ ला हात लावत नाही, तिथे डॉसएफएससीके वापरावा लागतो. फॅट१६ वर राहा म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण.

प्रिंटर. यूएसबी डॉट मॅट्रिक्स किंवा यूएसबी-टू-पॅरलल केबल डॉसमधून चालणार नाही, पैसे घालवू नका, ती केबल एलपीटी१, म्हणजे डॉसचा पहिला पॅरलल प्रिंटर पोर्ट, बनत नाही. सगळ्यात आधी बोर्ड उघडून बघा, स्वस्तातल्या ऑफिस बोर्डांवर पुष्कळदा एलपीटी लिहिलेली पिनांची दुहेरी रांग असते आणि शेदोनशे रुपयांची पट्टी लावली की खरा ३७८ हेक्सवरचा पोर्ट मिळतो. ते नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड, पण त्यात मेख अशी की कार्डाला पोर्टचा पत्ता ३७८ मिळत नाही, ई०१० किंवा डी०१० असलं काहीतरी मिळतं, आणि बायोसला ते कार्ड माहीतच नसतं. बायोस एलपीटी१ चा पत्ता मेमरीत सेगमेंट ४०, ऑफसेट ८ वर ठेवतो, एलपीटी२ चा त्याच्या पुढे ऑफसेट ए वर. डीबग (मेमरीतले आकडे बघायचं-बदलायचं डॉसचं टूल) उघडून "डी ४०:८" दिलंत तर तिथे शून्य शून्य दिसेल. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून, तीही लेगसी मोडमध्येच बूट करून, एलएसपीसीआय स्लॅश नव्हे, डॅश व्ही देऊन कार्डाचा आय/ओ पत्ता बघा, समजा ई०१० आहे, तर डीबगमध्ये "ई ४०:८ १० ई०" द्या. खालचा बाइट आधी, हे विसरू नका. क्यू देऊन बाहेर या आणि एखादी टेक्स्ट फाइल एलपीटी१ ला कॉपी करून बघा, डोकं सरकलं की जिंकलात. हे प्रत्येक बूटला पुसलं जातं म्हणून त्या दोन ओळी एका फाइलमध्ये ठेवून डीबगला एफडीऑटोमधूनच खायला घाला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं की पत्ता बदलू शकतो. जे प्रोग्राम थेट ३७८ वर लिहितात त्यांना याचा उपयोग नाही, पॅरलल पोर्टवर लावायच्या जुन्या डोंगलमध्येही (प्रोग्रामची नक्कल रोखणारी चावी) हाच अडसर येतो, तिथे बोर्डावरचाच पोर्ट हवा.

ज्यांच्याकडे सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये मराठी चालायचं त्यांच्यासाठी एवढंच, ते आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं कार्ड आहे आणि हल्लीच्या साध्या बोर्डावर आयसा स्लॉट येत नाही. तो डेटा बहुतेक इस्कीमध्ये असतो, भारतीय लिपींच्या अक्षरांसाठीचं १९९१ चं भारतीय मानक आहे ते, त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर व्यवस्थित होतं. कार्ड चालणारं एखादं जुनं मशीन धडधाकट आहे तोवर डीबीएफ बाहेर काढा आणि रूपांतर झाल्यावर जुन्या प्रिंटआउटशी ताडून बघा. गावोगावच्या संस्थांचे सभासदांचे जुने मराठी रेकॉर्ड अशा फाइल्समध्ये आहेत, ते मशीनबरोबर भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

पंखा सतत घोंगावत असेल तर एफडीकॉन्फिगमध्ये "आयडलहॉल्ट बरोबर १" टाका नाहीतर एफडीएपीएम एपीएमडॉस चालू ठेवा, डॉस एरवी रिकाम्या वेळातही प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरवत बसतं.

सीएसएम अजिबात नसलेल्या मशीनवर डोकं आपटू नका. प्रोग्रामला फक्त स्क्रीन, कीबोर्ड, फाइल आणि प्रिंट लागत असेल तर लिनक्सवर डॉसेमू२ किंवा विंडोजवर डॉसबॉक्स-एक्स हा डॉसच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम लावा, तिथून यूएसबी प्रिंटरवर सुद्धा प्रिंट काढता येते आणि बॅकअप सोपा होतो. सीएनसी किंवा मोजमापाच्या कार्डासारखं थेट हार्डवेअर असेल तरच खरा बायोस असलेलं जुनं बोर्ड किंवा आयसा स्लॉटचं इंडस्ट्रियल बोर्ड शोधा, आणि सापडलं तर एकाऐवजी दोन घेऊन ठेवा.

एवढं करून अडलंच तर मदत मागताना बोर्डाचं मॉडेल, सीएसएम चालू आहे की नाही, एफडीकॉन्फिग आणि एफडीऑटो या दोन्ही फाइल्स जशाच्या तशा, मेम स्लॅश सी चा फोटो, कीबोर्ड यूएसबी की पीएस/२, आणि चौथ्या पर्यायावर हँग होतं का, एवढं लिहा. शेवटचं उत्तर नसेल तर बाकी सगळं असूनही कोणालाच काही सांगता येत नाही, तेव्हा ते आधी करून बघा.